शेतघराची आतली दारे

पुण्याच्या शनिवारवाड्याला पाच दरवाजे आहेत आणि त्यांची नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात : दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ. फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत वाड्याच्या पोटातले लाकूडकाम जळून गेले. त्यात आतल्या दालनांची किती दारे होती आणि ती कशी होती, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. इंदूरच्या राजवाड्याची कथा फारशी निराळी नाही. सात मजल्यांच्या त्या इमारतीचा खिळ्यांनी मढवलेला प्रचंड दरवाजा पाहुणे मान उंच करून पाहतात; १९८४ च्या आगीत मागच्या बाजूचे काय काय गेले, हे विचारण्याचे त्यांना सुचत नाही.

नवे घर बांधणारा मनुष्यही असाच वागतो. प्रवेशद्वारासाठी तो चार गावे हिंडेल, सागवान स्वतः हाताने ठोकून पाहील, चौकटीच्या कपाळपट्टीवर गणपती कोणत्या घाटाचा असावा यावर घरात दोन दिवस खल होईल. आतल्या दारांची पाळी येईपर्यंत मात्र पैसा आटलेला असतो, उत्साह ओसरलेला असतो आणि वास्तुशांतीचा मुहूर्त डोक्यावर आलेला असतो. मग दुकानदाराच्या चित्रांच्या वहीतील एका पानावर बोट ठेवले जाते, ‘हीच सात द्या’ असे म्हटले जाते आणि विषय संपतो. वास्तविक बाहेरचे दार दिवसातून दहा-वीस वेळा उघडते. आतली दारे त्याच्या कितीतरी पट उघडतात आणि मिटतात. घरात कोणाला झोप मिळेल, कोणाला चार शब्द मोकळेपणाने बोलता येतील, म्हातारपणी कोणाला न्हाणीघरात जाताना दुसऱ्याचा हात धरावा लागणार नाही, हे त्या सात दारांनी ठरते.

हा विषय देपालपूरच्या निमित्ताने मांडण्यास एक कारण आहे. इंदूरच्या वायव्येस सुमारे ४० किलोमीटरवर असलेले हे तालुक्याचे गाव माळव्याच्या काळ्या, सपाट, सुपीक जमिनीत वसलेले आहे. जवळच असलेले गौतमपुरा हे मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने ओळखले जाते; तेव्हा या मुलखाशी मराठी माणसाचे नाते आजचे नाही. इंदुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी आता शहराच्या गजबजाटाला कंटाळून या बाजूला एखादा एकर घेतो आणि तेथे कौलारू छपराचे, ओटल्याचे, लाकडी खांबांचे शेतघर बांधण्याचे मनात आणतो. असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पंच्याहत्तरीच्या आजी, पन्नाशीकडे झुकलेले चिरंजीव आणि सूनबाई, दहावीत गेलेली नात. सोयाबीन, गहू आणि थोडा लसूण पिकवण्याइतकी जमीन. तीन निजण्याच्या खोल्या, दोन न्हाणीघरे, धान्याची कोठी आणि देवघर : म्हणजे आतली दारे सात.

या सातांचा पहिला शत्रू दाराच्या आसपास कोठेही नाही. तो पायाखाली आहे. माळव्याची काळी माती ही अग्निजन्य काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचा चिकणमातीचा एक प्रकार असतो. तो पाणी पिऊन फुगतो आणि पाणी गेले की आकसतो. वैशाखात याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात त्या मिटून जमीन वर उचलली जाते. गव्हाला आणि हरभऱ्याला हा गुण मोठा मानवतो, कारण ती ओल धरून ठेवते; घराला तो मुळीच मानवत नाही. सर्वांत वाईट गोष्ट अशी, की ही हालचाल घराखाली सर्वत्र सारखी होत नाही. उन्हाळ्यात बाहेरच्या कडेची माती आधी सुकून खचते, पावसाळ्यात तीच आधी फुगते, आणि मधली माती मागाहून, आपल्या सवडीने, हलते. आतल्या पातळ भिंती पुष्कळदा स्वतंत्र पायावर न उभारता नुसत्या जमिनीच्या कोब्यावर उभारतात. कोबा उचलला गेला की भिंत उचलली जाते, भिंतीबरोबर चौकट तिरकी होते आणि एका सकाळी न्हाणीघराचे दार कडीच्या बाजूला वर घासू लागते. सुतार येऊन रंधा मारून जातो. पुढल्या उन्हाळ्यात त्याच जागी बोटभर फट दिसते. मग दाराला दोष, सुताराला दोष आणि लाकडाच्या वखारवाल्याला शिव्या. चौकटीच्या कोपऱ्यापासून भिंतीवर तिरकी भेग चढू लागली, की समजावे, रोग लाकडात नाही.

म्हणून अशा मातीत आतल्या दारांची निवड पाया खणण्याच्या दिवशीच सुरू होते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनींसाठी तळाशी फुगीर कंद असलेल्या खांबांच्या पायाचा अभ्यास करून तो देशभर प्रचारात आणला. साडेतीन मीटरच्या आसपास खोल गेले की मातीतली ओल वर्षभर बहुधा सारखी राहते. तेथे हे कंद घट्ट बसतात आणि वरची माती फुगली वा आकसली तरी घर जागचे हलत नाही. खांबांवरच्या तुळया जमिनीला टेकू न देता त्यांच्याखाली थोडी पोकळी ठेवायची, म्हणजे फुगणाऱ्या मातीला वर येण्यास जागा राहते. आतल्या भिंतीही या तुळयांवरच उभ्या कराव्या. एवढा खर्च झेपत नसेल तर निदान जोत्यातील काळी माती काढून तेथे मुरूम दाबून भरावा, घराभोवती चार-पाच फुटांची फरसबंदी बाहेरच्या अंगाला उतार देऊन करावी आणि भिंतीला खेटून बागेचे पाणी सोडू नये. जोत्याच्या मुरुमात वाचवलेला पैसा पुढे दारांवर रंधा मारण्यात दरसाल जातो, हे माळव्यातला कोणताही अनुभवी गवंडी सांगेल. मात्र त्याला विचारावे लागते, तो आपण होऊन सांगत नाही.

आता दारांकडे वळण्यास हरकत नाही. परंतु आज शेतघर म्हटले की ज्या जुन्या घराची आठवण होते, त्या घरात आतली दारे कोठे होती आणि कोठे नव्हती, हे आधी पाहिले पाहिजे. वाड्यातून काय किंवा साध्या चौसोपी घरातून काय, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावे लागे. ओटीवरून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात आणि तेथून परसदारी. मधल्या वाटांना चौकट होती, उंबरठा होता, पण झडप पुष्कळदा नव्हती. असली तरी ती दिवसा मिटण्याचा प्रघात नव्हता. भक्कम फळ्यांचे, कडीकोयंड्याचे दार असे ते कोठीच्या खोलीला आणि देवघराला. बाळंतिणीच्या खोलीलाही दार असे, पण ते तिच्या इच्छेने उघडत वा मिटत नसे. धान्याला दार होते, देवाला दार होते. घरातल्या सुनेला मात्र दार नव्हते. माहेरच्या आठवणीने तिचे डोळे भरले तर चुलीच्या धुराचे निमित्त करावे लागे, आणि माहेराहून आलेले पत्र वाचायचे झाले तर परसातल्या विहिरीचा काठ गाठावा लागे. जुन्या घराच्या प्रेमात पडलेल्या पुष्कळांना त्याचे खांब दिसतात, कडीपाट दिसतो, भिंतीतले कोनाडे दिसतात. ही उणीव दिसत नाही. शेतघराला जुन्या वळणाचा साज अवश्य चढवावा. तथापि, जुन्या नकाशाची नक्कल करताना आतल्या दारांच्या बाबतीत हात आखडणे योग्य होणार नाही.

खरे म्हणजे वळणच हवे असेल तर फार लांब जाण्याचे कारण नाही. महेश्वरचा अहिल्याबाईंचा वाडा देपालपूरहून एका दिवसात पाहून येता येतो. १७६७ पासून १७९५ पर्यंत एवढ्या मोठ्या दौलतीचा कारभार ज्या स्त्रीने पाहिला तिचे राहणे किती साधे होते हे तेथे दिसते : लाकडी खांब, ओसरी, उघडा चौक, आणि डोळ्यांत न भरणारी, पण हाताला भरीव लागणारी लाकडाची कामे. चित्रांच्या वहीतील शेतघर मात्र अमेरिकेहून आलेले असते, आणि त्याबरोबर दोन तऱ्हेची दारे येतात.

पहिले दार म्हणजे उभ्या फळ्यांचे आणि त्यावर इंग्रजी झेड अक्षरासारखी पट्टी मारलेले. हे आपल्याला परके नाही. आपल्या गोठ्याचे, कोठाराचे, मळ्यातल्या खोपीचे दार असेच असते. फक्त पट्ट्या मागे असतात, म्हणून त्या डोळ्यांत भरत नाहीत. त्यातली तिरपी पट्टी शोभेची नव्हे. दाराचा मोकळा कोपरा स्वतःच्या वजनाने खाली लोंबू पाहतो. ती पट्टी त्याला खालून टेकू देते. यासाठी ती खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून निघून वर कडीच्या बाजूला चढली पाहिजे. उलट बसवली तर ती लाकडाचा टेकू राहत नाही, नुसती सांध्यांना ओढ देते आणि वर्षा-दोन वर्षांत दार जमिनीला घासू लागते. बाजारातल्या तयार दारांवर ही पट्टी पुष्कळदा केवळ चिकटवलेली असते आणि दार डावे की उजवे याचा विचार न करता सर्वांना एकाच दिशेने असते. विकत घेणाराने दार उभे करून बिजागऱ्या कोणत्या बाजूला येणार हे पाहावे आणि मगच पट्टीची दिशा पाहावी. एवढी परीक्षा केली तर दुकानदारही थोडे आदराने बोलू लागतो.

दुसरे दार सरकते. भिंतीवर वर लोखंडी पट्टा, त्याला चाकांनी टांगलेली रुंद झडप. अमेरिकेतल्या खळेघरांना अशी दारे बसवली गेली ती गवताने भरलेली गाडी आत जाण्याएवढी मोठी वाट उघडावी आणि तेवढी थोरली झडप वाऱ्यात आपटू नये, एवढ्यासाठी. तेथून ते दार गेल्या काही वर्षांत दिवाणखान्यात आले, दिवाणखान्यातून निजण्याच्या खोलीला गेले आणि आता न्हाणीघरालाही लागू लागले आहे. दिसायला ते ऐटदार असते यात शंका नाही. परंतु ते भिंतीच्या बाहेरून लोंबते, त्यामुळे झडप आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट कायमची राहते. त्या फटीतून उजेड जातो, वास जातो आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवाज जातो. आतून नीट बंद होईल अशी कडी त्याला सहजासहजी बसत नाही. शिवाय दाराच्या रुंदीएवढी रिकामी भिंत त्याच्या शेजारी लागते. तेथे मग खुंटी नाही, कपाट नाही, दिव्याचे बटणही नाही. झडप जड असेल तर साडेचार इंची विटेच्या भिंतीला तिचे वजन झेपेल की नाही हे आधी पाहावे लागते. पट्टा वरच्या तुळईतच पक्का करणे शहाणपणाचे.

या सरकत्या दाराला घरात जागाच नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्या मध्ये ते शोभते : सणाच्या पंगतीला बाजूला सारावे, एरवी फोडणीचा ठसका थोडा अडवावा. नातीच्या अभ्यासाच्या खोलीला किंवा चिरंजीव-सूनबाईंच्या खोलीला मात्र ते लावणे म्हणजे जुन्या माजघराची उणीव नव्या किमतीत विकत आणणे होय. तेथे चौकटीत घट्ट मिटणारे, भरीव आणि आतून कडी असलेले दारच पाहिजे. पोकळ दाराला कितीही सुंदर रंग दिला तरी पलीकडे चाललेले बोलणे अलीकडे शब्दन् शब्द ऐकू येते. घरात वाढत्या वयाची मुलगी असेल, तर ‘घरच्यांपासून काय लपवायचे?’ हा प्रश्न तिला विचारण्यापेक्षा तिच्या खोलीला चांगले दार बसवणे अधिक समंजसपणाचे आहे.

माळव्याच्या उन्हाळी रात्री थंड असतात. त्यांची कीर्ती फार जुनी. दिवसभर तापलेले घर रात्रीच्या वाऱ्याने निवते, पण त्या वाऱ्याला घरातून आरपार जाण्यास वाट पाहिजे. घट्ट दारे ही वाट अडवतात. जुन्या बंगल्यांतून या अडचणीवर उपाय असे तो झिलमिलीचा : दाराच्या वरच्या भागात तिरप्या पट्ट्या, ज्यांतून वारा येतो पण नजर जात नाही. आवाज मात्र जातो. म्हणून झिलमिलीचे दार आजींच्या खोलीला उत्तम. त्यांनी रात्री हाक मारली तर ती ऐकू यावीच लागते. इतर दोन खोल्यांना दारे भरीव ठेवून चौकटीच्या वर, छतालगत, उघडमीट होणारा झरोका ठेवावा. अलीकडे हा झरोका घरांतून नाहीसा झाला आहे. त्याची जागा वातानुकूलन यंत्राने घेतली, आणि तालुक्याच्या गावात वीज गेली की त्या यंत्राचा उपयोग भिंतीवरच्या खोक्याएवढाच राहतो.

आता न्हाणीघर. ही सातांतली सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत धोक्याची जागा. बहुतेक घरांत तिचे दार सर्वांत अरुंद असते, अडीच फूट किंवा त्याहूनही कमी, आणि ते आतल्या बाजूला उघडते. आजी आत पाय घसरून पडल्या असे समजावे. त्या पडतील त्या दाराच्या पाठीशीच, कारण जागा तेवढीच असते. आतून कडी, बाहेरून दार ढकलणे म्हणजे त्यांनाच ढकलणे. अशा वेळी दार फोडावे लागते, आणि तेवढी मिनिटे फार महाग पडतात. म्हणून ज्या न्हाणीघरात म्हातारे माणूस जाते त्याचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. कडी अशी असावी की अडचणीच्या प्रसंगी ती बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल. अशा कड्या बाजारात सहज मिळतात. चाकांची खुर्ची साधारण २५ ते २७ इंच रुंद असते. खुर्ची ढकलणाऱ्याचे हात आणि वळण्याची जागा धरून चौकटीच्या आत ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३ फूट, मोकळी वाट राहिली पाहिजे. अपंगांसाठीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनाही हाच आकडा सांगतात. आज आजी काठी टेकीत चालतात, म्हणून हा विचार अशुभ वाटेल. परंतु भिंत उभी राहिल्यावर तीन इंच वाढवणे किती कठीण असते हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. शिवाय चिरंजीवांनाही केव्हातरी पंच्याहत्तरी गाठायची आहे.

याच ओघात उंबरठ्याचा प्रश्न येतो. घरात पाऊल टाकणारी नवी सून ज्या उंबरठ्यावरचे माप ओलांडते, ज्यावर रोज हळदीकुंकू वाहिले जाते, माळव्यात ज्याच्या पुढे गेरू आणि खडूने मांडणे रेखतात, तो उंबरठा प्रवेशद्वाराचा. तो अवश्य असावा. आतल्या दारांना मात्र तो नसलेला बरा. न्हाणीघराचे पाणी बाहेर येऊ नये म्हणून आडवा दगड घालण्याची जी पद्धत आहे, तिच्याऐवजी न्हाणीघराचीच जमीन अर्धा इंच खाली घेऊन उतार द्यावा. तसेच लाकडी चौकटीचे पाय जमिनीत पुरण्याची जुनी खोड सोडली पाहिजे. तेथूनच ओल चढते आणि तेथूनच वाळवी. न्हाणीघराच्या चौकटीला तळाशी चार-सहा इंच दगडाची बैठक दिली किंवा सबंध चौकटच दगडाची केली, तर हा प्रश्न मुळातच राहत नाही.

कोठीचे दार बाहेर उघडणारेच पाहिजे, कारण गव्हाची पोती आत ढासळून दाराला टेकली तर ते आत ढकलता येणार नाही. त्याला खालून सहा इंच पत्र्याची पट्टी मारावी; उंदराला लाकूड कुरतडता येते, पत्रा नाही. पाठीवर पोते घेतलेला मनुष्य वाकून आडवा होतो, म्हणून रुंदी साडेतीन फूट. देवघराला दोन अरुंद झडपा आणि वरच्या अर्ध्या भागात जाळी असावी, म्हणजे समई तेवत असताना दार मिटले तरी हवा खेळती राहते. याहून अधिक त्यांच्याविषयी सांगण्यासारखे नाही; या दोन दारांची काळजी आपल्याकडे पूर्वीपासून घेतली जातेच.

लाकडाविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण येथे फसवणूक फार. सागवान उत्तम हे सर्वांना ठाऊक आहे आणि मध्य प्रदेशाची जंगले त्यासाठी प्रसिद्ध आहेत. परंतु सागाचा सारा चांगुलपणा त्याच्या गाभ्यात असतो. त्या पिवळसर तपकिरी लाकडात नैसर्गिक तेल असते, म्हणून वाळवी त्याला सहसा तोंड लावीत नाही. बाहेरचे फिकट, पांढुरके लाकूड मात्र ती आवडीने खाते. आज वखारीत येणारे बरेचसे सागवान आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील लागवडीचे, कमी वयाचे असते आणि त्यात पांढऱ्या भागाचे प्रमाण अधिक. ‘सागवानच आहे’ हे विक्रेत्याचे म्हणणे खोटे नसते. फक्त ते अपुरे असते. फळी आडवी कापलेल्या टोकाकडून पाहावी, रंग लावण्याच्या आधी पाहावी.

लाकूड वाढते आणि आकसते ते रेषांच्या आडव्या दिशेला. उभ्या दिशेला जवळजवळ मुळीच नाही. वैशाख आणि श्रावण यांच्यामध्ये तीन फूट रुंदीच्या फळ्यांच्या दारात हा फरक पाव इंचापर्यंत सहज जातो. पॅनेलच्या दाराची युक्ती याच ज्ञानातून निघाली. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट करायची, तिला आतून खाच पाडायची आणि मधले पातळ तक्ते त्या खाचेत न चिकटवता सैल बसवायचे. तक्ते आतल्या आत फुगतात, आकसतात. दाराचे माप फारसे बदलत नाही. अर्धवट शिकलेला सुतार मजबुतीच्या समजुतीने हे तक्ते सरस लावून पक्के करतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते मधोमध फाटतात. फळ्यांचे दार हौसेने करायचेच असेल तर एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत जावी आणि त्यांनाही सरस लावू नये.

पैशाचा विचार करता सातही दारे सागाची करण्याचा आग्रह नको. न्हाणीघरांना लाकडाच्या भुशापासून आणि प्लॅस्टिकपासून केलेली नवी दारे पाण्याला अधिक टिकतात. ती दिसायला रुक्ष, पण तेथे सौंदर्य पाहायला कोण बसतो? निजण्याच्या खोल्यांना भरीव गाभ्याचे फ्लश दार चालते. मात्र त्यावर आय. एस. २२०२ या भारतीय मानकाची खूण पाहून घ्यावी. आंब्याच्या स्वस्त लाकडाच्या मोहात पडू नये. त्याला भुंगा लागतो आणि रात्रीच्या शांततेत त्याचे कुरतडणे ऐकू येते.

आणखी एक वाट आहे आणि शेतघरासाठी ती सर्वांत मोलाची. जुने वाडे पडतात तेव्हा त्यांची दारे विकायला येतात. जुन्या सागाचा गाभा, लाकडी खुंट्यांचे सांधे, ओतीव पितळेच्या कड्या : असे दार आज नव्याने करून घेण्यास दुप्पट पैसा मोजावा लागेल. पण ती दारे बुटकी असतात. पाच-साडेपाच फुटांच्या त्या चौकटीतून आजच्या माणसाने रोज वाकून जावे ही अपेक्षा व्यर्थ. कपाळाला टेंगूळ आल्यावर परंपरेचा अभिमान टिकत नाही. अशा दारासाठी चौकट नवी, पुऱ्या उंचीची करावी, वर राहिलेल्या जागेत झरोक्याची जाळी बसवावी, म्हणजे जुने दार आणि रात्रीचा वारा अशा दोन्ही गोष्टी साधतात. पोकरलेल्या भोकांतून ताजा पिवळा भुसा गळत असेल तर मात्र ते दार कितीही देखणे असले तरी घरात आणू नये. किडे त्याच्याबरोबर येतात आणि नव्या चौकटीत संसार थाटतात.

दारे टांगण्याची वेळ दसऱ्यानंतरची धरावी. भर उन्हाळ्यात सुकलेली झडप चौकटीत घट्ट बसवली तर आषाढात ती मिटत नाही. भर पावसात बसवली तर होळीला सैल होते. पाऊस सरून हवा मध्यावर आली असताना वर आणि दोन्ही बाजूंना दोन नाण्यांच्या जाडीएवढी फट ठेवून दार बसवले म्हणजे दोन्हीकडची तडजोड होते. घरही तोवर सोयाबीनच्या काढणीच्या धुळीतून मोकळे झालेले असते. जड दाराला दोन नव्हे, तीन बिजागऱ्या लावाव्या. आणि रंगारी काम संपवून जाण्यापूर्वी दार एकदा बिजागऱ्यांवरून उतरवून घ्यावे व त्याची वरची आणि खालची कड पाहावी. या दोन कडा कोणाला दिसत नाहीत, म्हणून त्या बहुधा कोऱ्याच राहतात, आणि लाकूड सर्वांत अधिक ओल पिते ते याच उघड्या टोकांतून. तेथे रंगाचे दोन हात जास्त द्यावयास सांगावे, आणि ते वाळेपर्यंत रंगाऱ्याचा हिशेब चुकता करू नये.